सोलापूर–मुंबई : ३६२ किलोमीटर आणि वरचा वेळ

सोलापूर ते मुंबई अंतर किती, याचं उत्तर कुणाला विचारता त्यावर ठरतं. रेल्वेचं तिकीट ४५५ किलोमीटर सांगतं. ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर ‘चारशे धरा’ म्हणतो आणि खोपोलीच्या पुढं रस्ता कसा मिळतो त्यावर वेळ सांगतो. होटगी रोडवरच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ रेषा काढली, तर ती भरते ३६२ किलोमीटर. तिन्ही आकडे खरे आहेत. पण गेल्या वर्षी सोलापुरातून मुंबईला विमान सुरू झाल्यापासून गावात तिसऱ्या आकड्याची चर्चा जास्त आहे, आणि त्या चर्चेत हमखास एक वाक्य येतं: ‘तीनशे साठ किलोमीटरला सव्वा तास कशाला लागतो हो? विमान हाय का एस्टी?’

प्रश्न रास्त आहे. विमानात बसलो तेव्हा माझ्याही डोक्यात तोच होता, म्हणून आधी घरी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करून पाहिला.

हा हिशेब दहावीच्या मुलालाही जमेल. सोलापूर विमानतळ साधारण १७ अंश ३८ मिनिटं उत्तर अक्षांशावर आणि ७५ अंश ५६ मिनिटं पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचा १९ अंश ५ मिनिटं आणि ७२ अंश ५२ मिनिटांवर. म्हणजे मुंबई आपल्या उत्तरेला ८७ मिनिटं आणि पश्चिमेला १८४ मिनिटं. इथं मिनिटं म्हणजे घड्याळातली नव्हेत, अंशाचा साठावा भाग. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. वैमानिक आजही अंतर याच मापात मोजतात, ते या सोयीसाठी. रेखांशाची मिनिटं मात्र विषुववृत्तापासून दूर गेलं की आखडतात. आपल्या पट्ट्यात ती पाचेक टक्क्यांनी कमी भरतात, म्हणून १८४ ऐवजी सुमारे १७५ धरायची. मग पायथागोरस: ८७ चा वर्ग अधिक १७५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ १९५. एकशे पंचाण्णव सागरी मैल. किलोमीटर केले की तीनशे एकसष्ट-बासष्ट.

पृथ्वी गोल असल्यामुळं पायथागोरस लांबच्या प्रवासात चालत नाही. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या घरात आहे आणि तिथली सर्वांत जवळची वाट भिंतीवरच्या नकाशावर उत्तरेकडं फुगलेली कमान दिसते. सोलापूर–मुंबईत तेवढा फुगवटा यायला जागाच नाही. सपाट कागदावरची पट्टी पुरते.

पट्टी ठेवल्यावर एक गंमत हाती लागली. सोलापूर ते पुण्याचा लोहगाव विमानतळ २३८ किलोमीटर. लोहगाव ते मुंबई विमानतळ १२४. बेरीज ३६२. म्हणजे लोहगाव या रेषेच्या शेजारी वगैरे नाही, थेट रेषेवरच बसलेलं आहे. ‘पुण्यावरून जायचं म्हणजे वळसा पडतो’ असं आपण रेल्वेबद्दल म्हणत आलो, तर ते बरोबर नाही. सोलापूर ते पुणे रेल्वे २६३ किलोमीटर, म्हणजे हवाई अंतरापेक्षा पंचवीसेक जास्त. दौंडमार्गे जाणाऱ्या गाडीला एवढं माफ. पुढं पुणे ते मुंबई मात्र १२४ चे १९२ होतात. यात थोडा भाग सीएसएमटी दक्षिणेला असल्याचा आहे, पण मोठा भाग बोरघाटाचा आणि कल्याणवरून आत शिरण्याचा. सोलापूरपर्यंत रूळ १८६० साली आले, बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला. म्हणजे तीन वर्षं सोलापुरात आगगाडी होती आणि ती मुंबईपर्यंत सलग नव्हती. दख्खनवर रूळ टाकणं सोपं, सह्याद्री उतरणं अवघड. विमानाला सह्याद्री आडवा येत नाही, आणि सोलापूरकराचे किलोमीटर नेमके तिथंच वाचतात.

आता हिशेबाचा दुसरा भाग. मुंबईला जातं ते एम्ब्रेअर १७५ जातीचं छोटं जेट, शहात्तर आसनांचं. पूर्ण उंचीवर ते ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास पळतं. ३६२ भागिले ८००: सत्तावीस मिनिटं. वेळापत्रकात मात्र तास-सव्वा तास. मधली मिनिटं कुठं जातात, ते या प्रवासात पाहायचं होतं.

रिक्षात बसताना पहिला टोमणा मिळाला. ‘विमानाला चाललाव का मालक? मग एवढी घाई कशाला करूलालाव, हितंच तर हाय.’ होटगी रोडचा विमानतळ खरोखर शहराला चिकटून आहे. स्टेशनपासून रिक्षानं जाण्याजोगा विमानतळ महाराष्ट्रात फार कमी गावांना आहे. मुंबई-पुण्याची माणसं विमानतळापर्यंत पोचायला जेवढा वेळ घालवतात, त्यात आपण घरी जेवून, वामकुक्षी टाळून पोचतो. पण देशांतर्गत उड्डाणाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, त्यामुळं दीड तास आधी हजर राहण्यावाचून इलाज नाही. रेषेवरचा एकही किलोमीटर कापण्याआधी दीड तास गेला.

टर्मिनल आटोपशीर आहे. सोलापुरात चार माणसं जमली की दोन ओळखीची निघतात, तसंच इथंही झालं. बरेच जण पहिल्यांदाच विमानात बसणारे. निरोप द्यायला आलेली मंडळी प्रवाशांपेक्षा जास्त. मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषा एका रांगेत ऐकू येत होत्या, त्यातल्या दोन तर एकाच कुटुंबात. शेंगाचटणीची पाकिटं बहुतेकांनी शहाणपणानं मोठ्या बॅगेत टाकली होती. तिखटाची पूड हातातल्या पिशवीत नेता येत नाही, हे सोलापूरकराला विमानप्रवासाबद्दल सर्वांत आधी कळलेलं दिसतं.

काचेतून धावपट्टी दिसते आणि तिच्याकडं पाहताना चिमणी आठवल्याशिवाय राहत नाही. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची, सुमारे नव्वद मीटर उंचीची ती चिमणी कुमठ्याला उभी होती, विमानाच्या वाटेत. २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेच्या पहिल्या फेरीत कोल्हापूर, नांदेड, जळगाव, नाशिक यांच्याबरोबर सोलापूरचंही नाव होतं. बाकीच्यांची विमानं पुढंमागं उडाली, आपलं घोडं चिमणीपाशी अडलं.

नव्वद मीटर म्हणजे फार काय, असं वाटतं. उतरणारं विमान तीन अंशाच्या उतारानं येतं, म्हणजे किलोमीटरला साधारण बावन्न मीटर खाली. त्या हिशेबानं धावपट्टीपासून दोन किलोमीटरवरच विमान शंभर मीटरच्या वर असतं. मग अडचण कसली? अडचण सगळं सुरळीत चालू असतानाची नसते. नियम करणाऱ्याला उड्डाण करताना एक इंजिन बंद पडलेलं विमान डोळ्यांपुढं ठेवावं लागतं. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाला एका इंजिनावर शंभर मीटरला २.४ मीटर चढता आलं पाहिजे, एवढीच किमान अट असते. म्हणून धावपट्टीच्या टोकापुढं, बरंच अंतर, शंभर मीटरला दोन मीटर चढणाऱ्या एका कल्पित उताराच्या वर काही येऊ द्यायचं नाही असा दंडक आहे. या उताराला नव्वद मीटर उंची गाठायला साडेचार किलोमीटर लागतात. साडेचार किलोमीटरच्या आत, वाटेत येणारी नव्वद मीटरची कुठलीही वस्तू त्या उतारातून वर डोकं काढणार. शहराच्या इतक्या जवळ असलेल्या विमानतळाला हे परवडत नाही.

दुसरी बाजूही होती. ज्या शेतकऱ्यांचा ऊस त्या कारखान्यात जातो, त्यांच्यासाठी चिमणी म्हणजे गाळप आणि गाळप म्हणजे वर्षाचा पैसा. विमानात बसणारे कोण आणि ऊस घालणारे कोण, हा प्रश्न त्या काळात सोलापुरात उघड विचारला गेला, आणि तो चुकीचा नव्हता. मोर्चे दोन्ही बाजूंनी निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. अखेर १५ जून २०२३ ला चिमणी पाडली. काही सेकंदांत ती आडवी झाली, आणि त्या सेकंदांचे व्हिडिओ कित्येक दिवस गावभर फिरत होते. पाहणाऱ्यांत हळहळणारेही तितकेच होते.

त्यानंतरही विमान लगेच आलं नाही. २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी नूतनीकरण झालेल्या विमानतळाचं दूरसंवादानं उद्घाटन केलं. पहिलं नियमित विमान उडालं ९ जून २०२५ ला, तेही मुंबईला नव्हे, गोव्याला. मुंबईचं सुरू झालं १५ ऑक्टोबर २०२५ ला. त्यासाठी राज्य सरकारनं दर आसनामागं तूट भरून द्यायचं ठरवलं, कारण एवढ्या जवळच्या मार्गावर तिकिटाच्या पैशातून विमान परवडेल याची खात्री कंपन्यांना नसते. त्याआधी किंगफिशरची विमानं काही काळ सोलापूर–मुंबई फिरून गेली होती. ती बंद पडल्यावर धावपट्टीवर बहुतेक पुढाऱ्यांचीच विमानं उतरत राहिली. दरम्यान हैदराबाद रस्त्यावर बोरामणीला मोठा नवा विमानतळ करायचं ठरलं, जमीन घेतली गेली आणि वनजमिनीच्या तुकड्यावर गाडं रुतलं. माळढोकासाठी नान्नजला अभयारण्य असलेला हा जिल्हा. इथं उडणाऱ्यांत पहिला मान कुणाचा, हा वाद सरकारी कागदांवर अजून पुरता मिटलेला नाही.

असो. विमान आलं.

दार बंद झालं, चाकांखालचे ठोकळे काढले गेले आणि हललो. वेळापत्रकातला वेळ इथून मोजतात. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात: इथले ठोकळे निघाल्यापासून तिथले ठोकळे लागेपर्यंत. विमान हवेत किती वेळ होतं, हा वेगळा आणि लहान आकडा. सोलापुरात धावपट्टीच्या टोकापर्यंत जायला फार वेळ लागत नाही, पुढं-मागं दुसरं विमानच नसतं. धावपट्टी दोन हजार मीटरच्या थोडी वर, दिशा साधारण वायव्य–आग्नेय. मुंबई वायव्येला असल्यामुळं त्या टोकाकडं उडालं, तर तीसेक अंश डावीकडं वळलं की झालं. निम्मी दिशा विमानतळ बांधणाऱ्यानंच धरून दिली आहे.

उन्हाळ्यात हीच धावपट्टी आखूड वाटू लागते. सोलापूर समुद्रसपाटीपासून ४८० मीटर उंच आणि मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला. गरम हवा विरळ असते. पंखांना आधार कमी, इंजिनांना जोर कमी, धाव जास्त. अशा वेळी वैमानिकाला वजनाचा हिशेब काटेकोर करावा लागतो. बाहेर सावलीत बसलेल्या कुत्र्यापासून आत बसलेल्या जेटपर्यंत सोलापूरचं ऊन सगळ्यांनाच मंद करतं.

वर गेल्यावर खिडकीतून आधी तपकिरी रंगच दिसतो. मग त्यात हिरवे चौकोन येऊ लागतात, आणि ते वाढत जातात तसं कळतं की भीमा जवळ येते आहे. उसाचा हिरवा वरून ओळखू येतो, तो सरळ कापलेल्या कडांचा असतो. ही सरळ रेषा मोहोळच्या दक्षिणेनं जाते. डावीकडं पंचवीसेक किलोमीटरवर पंढरपूर राहतं. हवा स्वच्छ असेल तर नदीचं वळण सापडतं. त्यानंतर थोड्याच वेळात या मार्गावरचं सर्वांत देखणं दृश्य येतं. रेषा जवळजवळ नीरा-नरसिंहपूरच्या माथ्यावरून जाते, म्हणजे नीरा आणि भीमेचा संगम डाव्या खिडकीखाली, आणि उजवीकडं पाच-सहा किलोमीटरवर उजनीची भिंत. सोलापूरपासून शंभर किलोमीटरही झालेले नसतात. उजवीकडची जागा मिळाली तर भिंतीमागचं पाणी भिगवणपर्यंत सोबत करतं. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. हे आकडे आपण उन्हाळ्यात रोज पेपरात वाचतो. वरून पाहिलं की समजतं, हे पाणी खोल कमी आणि पसरट फार आहे. काठाचे वेडेवाकडे फाटे, त्यांत शिरलेली शेतं, आणि धरण झालं तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गावांच्या जागी आता नुसता करडा आरसा.

शेजारचे गृहस्थ माढ्याकडचे, डाळिंबवाले. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढता काढता आपलं रान कुठं असेल ते शोधायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. ‘वरनं सगळ्यांचं रान सारखंच दिसतंय की,’ म्हणाले.

खरं तर विमान दिलेल्या रेषेवर चालेलच असं नाही. हवेतही ठरलेले मार्ग असतात, नियंत्रण कक्ष सांगेल तसं वळावं लागतं. त्यात लोहगाव हा हवाई दलाचा तळ. तो नेमका आपल्या रेषेवर असला तरी त्याच्या डोक्यावरून वाटेल तसं जाता येत नाही. थोडं अल्याड-पल्याड व्हावं लागतं आणि ३६२ चे कधी पावणेचारशे होतात, कधी जास्त. कागदावरचं हवाई अंतर म्हणजे कमीत कमी अंतर; त्याच्या खाली जाता येत नाही, वर कितीही.

आणि या मार्गाची खरी अडचण अशी की विमानाला पळायला मोकळं मैदानच मिळत नाही. चढण्यात शंभरेक किलोमीटर गेलेले असतात. उतरण्याचा वैमानिकी ठोकताळा असा, की हजार फूट खाली यायला तीन सागरी मैल हवेत. बावीस हजार फुटांवर असलात तर सहासष्ट मैल आधीपासून उतरायला लागा. सहासष्ट सागरी मैल म्हणजे १२२ किलोमीटर. म्हणजे पुण्याच्या माथ्यावर आलं, की मुंबईसाठी उतरणं सुरू! चढ आणि उतार वजा केल्यावर सपाटीला उरतात जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटर. ताशी आठशेचा वेग एवढ्यापुरताच. दहा हजार फुटांखाली आल्यावर तर ताशी २५० नॉट, म्हणजे ४६० किलोमीटरची मर्यादाच असते. म्हणून सत्तावीस मिनिटांचा हिशेब पहिल्याच पायरीवर मोडतो. हवेतला वेळ पस्तीस-चाळीस मिनिटांच्या खाली येत नाही.

गोव्याच्या मार्गावर हाच हिशेब वेगळा पडतो. तिथं एटीआर ७२ जातीचं पंख्यांचं विमान जातं. ते ताशी पाचशेच्या आसपास चालतं आणि फार उंच जातही नाही. सोलापूर ते मोपा हवाई अंतर सुमारे ३०४ किलोमीटर. एवढ्या अंतरावर जेट आणि पंख्याचं विमान यांच्यात फरक पडतो तो फार तर दहा-बारा मिनिटांचा, आणि पंख्याच्या विमानाला इंधन बरंच कमी लागतं. जवळच्या गावांसाठी ही विमानं कंपन्या का निवडतात, ते यावरून कळतं. फक्त वाऱ्याचा परिणाम त्यांच्यावर जास्त होतो. समोरून ताशी साठ किलोमीटरचा वारा असला, तर ३६२ किलोमीटरच्या अंतरात जेटला दोन-अडीच मिनिटं जास्त लागतील, एटीआरला सहा. जाताना आणि येताना वेळेत फरक का, याचं अर्धं उत्तर वाऱ्यात आहे.

उरलेलं अर्धं मुंबईत. पुणं मागं पडलं की घाट येतो. लोणावळ्याच्या किंचित उत्तरेनं, कर्जतकडं उतरणारे कडे एकदम खाली पडतात आणि पठार संपतं. रात्रीच्या गाडीत आपण हा भाग झोपेत काढतो, त्यामुळं पठार असं कापल्यासारखं संपतं हे कित्येक सोलापूरकरांनी कधी पाहिलेलंच नसतं. मग माथेरान, मग पनवेलची खाडी, आणि मग वाट पाहणं.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरता येते. दिवसाला हजाराच्या आसपास उतार-उड्डाणं एका पट्टीवर. डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात १००७ विमानांची ये-जा झाली, तो तेव्हाचा विक्रम होता. बहुतेक वेळा पूर्वेकडून उतरून समुद्राच्या दिशेनं थांबायचं असा रिवाज. सोलापूरचं विमान पूर्वेकडूनच येतं, तेव्हा नशीब असेल तर सरळ खाली. नसेल तर घिरटी. ठरावीक घिरटी चार मिनिटांची असते आणि तेवढ्यात विमान पंचवीस-तीस किलोमीटर उगाच कापतं. आमच्या वाट्याला घिरट्या आल्या. डाळिंबवाले दर वेळी समुद्र आला की ‘आलं’ म्हणायचे.

मुंबईहून सोलापूरकडं येताना उलटी गंमत होते. विमान समुद्राकडं तोंड करून उडतं, म्हणजे जुहूच्या किनाऱ्यावरून पाण्यावर जातं आणि मग मागं वळून सोलापूरकडं निघतं. त्याआधी टर्मिनलपासून धावपट्टीपर्यंत रांगेत घालवलेली मिनिटं वेगळीच. कंपन्या हे सगळं धरूनच वेळापत्रक करतात, वर थोडा राखीव वेळ ठेवतात. म्हणून एखाद्या दिवशी विमान ‘वेळेआधी वीस मिनिटं’ पोचतं. त्यात वैमानिकाचं कौतुक कमी आणि राखीव वेळेचं जास्त.

सूर्याचा हिशेबही मी जाता जाता करून पाहिला. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं. सोलापूर आणि मुंबईत तीन अंशांहून थोडं जास्त अंतर, म्हणजे सूर्य आपल्यापेक्षा मुंबईला बारा मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. घड्याळ दोन्हीकडं तेच. सूर्याच्या घड्याळानं मोजलं असतं, तर पश्चिमेला जाणाऱ्या आमच्या विमानाची बारा मिनिटं वाचली असती आणि परतीची तेवढीच वाढली असती.

बंगळूरचं हवाई अंतर ५२६ किलोमीटर. तेही विमान सुरू झालं आहे. या मार्गाबद्दल मला जरा जास्त जिव्हाळा वाटतो, तो एका सोलापूरकरामुळं. वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. भारतातला विमानांचा पहिला कारखाना, हिंदुस्थान एअरक्राफ्ट, त्यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीनं बंगळूरला काढला. पुढं सरकारनं तो घेतला आणि आजची एचएएल त्यातूनच झाली. ज्यानं देशाला विमानाचा कारखाना दिला त्याच्या जन्मगावाहून त्या कारखान्याच्या गावाला विमानानं जायला पंच्याऐंशी वर्षं लागली. आणि या मार्गावर उडणारी स्टार एअर ही कंपनी कोल्हापूरच्या घोडावत समूहाची आहे. म्हणजे यंत्र ब्राझीलचं असलं तरी मालकी आपल्या शेजारचीच.

हैदराबाद मात्र अजून विमानानं जोडायचं आहे. विमानतळापासून विमानतळ २६८ किलोमीटर, मुंबईपेक्षा चांगलं जवळ. विणकर समाजाचं निम्मं सोलापूर तेलंगणाशी नात्यानं बांधलेलं. लग्नकार्याला, दवाखान्याला तिकडं सतत ये-जा. पण एवढ्या जवळच्या अंतरावर विमान रस्त्याशी कितपत टिकेल, याची मला शंका आहे. चौपदरी रस्त्यानं घरातून निघून पाच-सहा तासांत दारात उतरता येतं. विमानानं जायचं, तर आधीचा दीड तास, हवेतला तास, आणि शमशाबादहून शहरात शिरायचा आणखी एक. वाचले तर दोन तास वाचतात, आणि कुटुंबातली पाच माणसं असली की रस्त्याची गाडी एकाच भाड्यात पाचही जणांना नेते. पुण्याचंही तेच. २३८ किलोमीटरसाठी विमान पकडणं मला तरी पटत नाही.

मुंबईला विमान आणि रेल्वे यांची तुलना करायची, तर ती दारापासून दारापर्यंत करावी. त्या दिवशी घर सोडल्यापासून दादरच्या नातेवाइकांची बेल वाजवेपर्यंत मला चार तासांहून थोडं जास्त लागलं, आणि त्यातला हवेतला भाग सर्वांत लहान होता. अंधेरी ते दादर या टॅक्सीच्या पट्ट्यानं उजनी ते पुण्यापेक्षा जास्त वेळ घेतला. वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ पासून सुरू आहे. ती पहाटे सहाच्या सुमारास निघते आणि साडेसहा तासांत सीएसएमटी. तिच्यात दीड तास आधी जावं लागत नाही आणि दादरला उतरता येतं. म्हणजे प्रत्यक्ष फरक अडीच तासांच्या आतबाहेर. तिकिटाचा फरक किती, ते त्या त्या दिवशीच्या दरावर. आगाऊ काढलं तर सुसह्य, ऐनवेळी काढलं तर डोळे फिरतात.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसला मात्र विमान अजून हरवू शकलेलं नाही. ती रात्री साडेदहानंतर सोलापूर सोडते आणि सकाळी सात वाजायच्या आत मुंबईत सोडते. कामाचा एकही तास खर्ची पडत नाही. मंत्रालयात, हायकोर्टात किंवा टाटा रुग्णालयात काम असलेल्या माणसाला दहा वाजता तिथं हजर व्हायचं असतं, आणि सेवा सुरू झाली तेव्हा सोलापूरचं विमान निघत होतं भरदुपारी. त्या विमानानं गेलेला माणूस मुंबईत उतरतो तेव्हा कचेऱ्या आवरायच्या बेतात असतात. मुक्काम ठरलेलाच. विमान किती वेळात नेतं याइतकंच ते केव्हा निघतं आणि आठवड्यातून किती दिवस निघतं, हेही महत्त्वाचं असतं, पण अंतर आणि वेळ सांगणाऱ्या कोष्टकात ते कुठंच येत नाही. सकाळी सातला मुंबईकडं आणि संध्याकाळी सातला परत, अशी जोडी मिळाली तर सोलापूरचा व्यापारी मुंबईचं काम एका दिवसात उरकेल. त्यासाठी अंधार पडल्यावर होटगी रोडला उतरण्याची सोय आणि मुंबईत सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी उतरायला जागा, या दोन्ही गोष्टी लागतात, आणि दुसरी मिळणं पहिलीपेक्षा अवघड आहे.

त्या जागेसाठी आता नवी मुंबईकडं पाहावं लागेल. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली आहेत. सोलापूरपासून हवाई अंतर सुमारे ३३८ किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा चोवीस-पंचवीस कमी. हवेत त्यानं दोन मिनिटं वाचतील, पण धावपट्टीवर गर्दी कमी असली तर दहा-पंधरा. दक्षिण मुंबईत ज्याचं काम आहे त्याला अटल सेतूवरून जाता येईल. बोरिवलीच्या नातेवाइकाकडं जायचं असेल, तर मात्र सगळा नफा ठाण्याच्या आसपास कुठंतरी संपेल.